बॅरन बेटाच्या दिशेने: चार सेन्सरच्या इन्फ्रासाउंड अ‍ॅरेच्या नोंदी

४ नोव्हेंबर, पुणे

हेतू आधी लिहून ठेवलेला बरा. अंदमानातले बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. समुद्राच्या वर जेमतेम ३५४ मीटर, पण समुद्रतळापासून मोजला तर दोन किलोमीटरहून उंच डोंगर. दीड शतकाहून जास्त काळ गप्प राहून १९९१ मध्ये तो जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच आहे. बेटावर वस्ती नाही. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, ते सुमारे १४० किमीवर. स्वराजद्वीपापासून, जुन्या हॅवलॉकपासून, सुमारे १०० किमीवर.

उपग्रहाला ढग आडवे येतात, आवाजाला येत नाहीत. त्यातही २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न कळणारा अवश्राव्य आवाज, म्हणजेच इन्फ्रासाउंड, हवेत फारच थोडा शोषला जातो. ज्वालामुखीचे मध्यम स्फोट साधारण १ ते ५ हर्ट्झमध्ये बोलतात. तोंड जितके रुंद आणि उद्रेक जितका मोठा तितका सूर खाली. तेव्हा प्रश्न असा: स्वराजद्वीपावर चार सेन्सरचा अ‍ॅरे, म्हणजे एकत्र ऐकणारा संच, मांडला तर बॅरनचे स्फोट टिपता येतील का, आणि मुख्य म्हणजे कोणत्या वेळी टिपता येणार नाहीत?

दुरून ऐकण्याची पद्धत नवी नाही. बेरिंग समुद्रातल्या बोगोस्लॉफ बेटावर डिसेंबर २०१६ ते ऑगस्ट २०१७ या काळात सत्तरहून अधिक स्फोट झाले. बेटावर एकही उपकरण नव्हते. अलास्काच्या वेधशाळेने शेजारच्या बेटांवरचे भूकंपमापक, इन्फ्रासाउंड अ‍ॅरे आणि विजांच्या नोंदी एकत्र लावून काम भागवले. अलास्कातल्याच क्लीव्हलंड ज्वालामुखीचे स्फोट तर जवळपास १००० किमीवरच्या डिलिंगहॅमच्या अ‍ॅरेने पकडले होते. आवाज तिथे पोहोचायलाच पाऊण तासाहून जास्त लागतो.

जहाजावर सेन्सर ठेवण्याची सूचना आली होती. ती बाद. हवेचा दाब उंचीनुसार मीटरला सुमारे १२ पास्कलने बदलतो. जहाज १ मीटर वरखाली झाले की सेन्सरला १२ पास्कलची लाट दिसते आणि आपल्याला शोधायचा आहे एखाद-दशांश पास्कल.

९ नोव्हेंबर

सेन्सर ठरला: पडद्याचा विभेदी दाब सेन्सर, पल्ला अर्धा इंच पाण्याचा, म्हणजे ±१२५ पास्कल. एक तोंड बाहेरच्या हवेकडे, दुसरे १०० मिली बंद डब्याकडे. डब्याला एक अतिबारीक गळती ठेवायची. वातावरणाचा दाब दिवसभरात शेकडो पास्कल सरकतो. गळती नसेल तर सेन्सर तासाभरात टोकाला जाऊन बसेल. गळतीमुळे सावकाश होणारे बदल दोन्ही बाजूंना सारखे पोहोचतात आणि फक्त झटपट होणारे बदल दिसतात.

औष्णिक प्रवाहाच्या तत्त्वावरचे डिजिटल सेन्सर स्वस्त आणि स्थिर असतात, पण त्यांच्यातून हवा आरपार वाहते. म्हणजे सेन्सर स्वतःच गळती होतो आणि खालची सीमा, म्हणजे किती खालच्या वारंवारतेपर्यंत ऐकू यावे ते, आपल्या हातात राहत नाही. म्हणून पडद्याचाच.

गळतीसाठी इंजेक्शनची सुई. ३० गेज, अर्धा इंच. आतला व्यास ०.१६ मिमीच्या जवळपास. प्रवाहाला अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, तेव्हा गेज एकाने चुकला तरी सगळे गणित फिरते. हिशेबाने कालांक (दाबातला फरक गळून सुमारे एक तृतीयांश उरायला लागणारा वेळ) येतो १५ सेकंद, म्हणजे खालची सीमा ०.०११ हर्ट्झ.

सेन्सरचा निर्गम १६ मिलिव्होल्ट प्रति पास्कल. व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या १६ बिटांच्या साध्या परिवर्तकावर एक पायरी ०.००८ पास्कलची पडते. चालले असते, पण दुरून येणारा आवाज मोजक्याच पायऱ्यांत उमटेल. २४ बिटांचा घेतला. सेकंदाला १०० नमुने.

१३ नोव्हेंबर

कालांक प्रत्यक्षात २२ सेकंद निघाला. सुईची लांबी धरताना बाहेर दिसणारे १३ मिमीच धरले होते. प्लास्टिकच्या बुडख्यात रुतलेली नळी विसरली होती. ०.००७ हर्ट्झ ही सीमा आपल्याला चालते, त्यामुळे सुई बदलली नाही. पण चारही सेन्सरची सीमा वेगवेगळी मोजून टिपायची. सीमेजवळ प्रत्येकाचा कलान्तर (तरंग पुढेमागे दिसण्याचा फरक) वेगळा असतो आणि दिशा कलान्तरावरूनच काढायची आहे. १ हर्ट्झच्या वर हा फरक नगण्य.

अंशांकनाला, म्हणजे सेन्सरचे आकडे पारखायला, प्रयोगशाळा लागत नाही. दोन सेन्सर शेजारी ठेवायचे, एक स्थिर, दुसरा मोजून १० सेंमी उचलायचा आणि दोघांची वजाबाकी करायची. पुण्याच्या उंचीवर हवा थोडी विरळ, म्हणून १० सेंमीला १.०९ पास्कल. वजाबाकी केल्याशिवाय काहीच कळत नाही, कारण शेजारच्या घरातले दार लागले तरी पट्टीवर काही पास्कलचा कडा उभा राहतो. तिन्ही खोल्यांची दारे बंद करून पहाटे तीनला मोजले तेव्हा दहा उचलण्यांची सरासरी पक्की आली. इमारतीची लिफ्ट हे आणखी एक फुकटचे उपकरण: मजल्याला साधारण ३३ पास्कल.

२१ नोव्हेंबर

गच्चीवर ठेवलेला सेन्सर दुपारी पिसाळल्यासारखा वागला. कारण उष्णता. बंद डब्यातली हवा १ अंशाने तापली की दाब ३३० पास्कलच्या आसपास वाढतो. सेकंदाला अंशाचा हजारावा भाग एवढीच वाढ धरली तरी २२ सेकंदांच्या गळतीतून ७ पास्कलची खोटी सरक उरते. ढगाची सावली डब्यावरून गेली की तेवढे पुरते.

उपाय दोन. डब्यात भांडी घासायची तारेची घासणी सैल भरली. तारेचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे आतल्या हवेची उष्णता लगेच धातूत जाते. यात कालांकही वाढतो, कारण हवा समतापी (तापमान न बदलता) वागू लागली की डब्याची हवा सामावण्याची क्षमता १.४ पट होते. म्हणून १३ तारखेचे मापन घासणी भरून पुन्हा केले. दुसरा उपाय म्हणजे डबा थर्मोकोलच्या पेटीत घालून ती जमिनीत पुरणे. फूटभर खोलीवर दिवसाची उष्णता फारच मंद पोहोचते.

सुईत पाण्याचा थेंब अडकला तर गळती बंद पडते आणि मग फक्त तापमापकच उरतो. त्यासाठी सुईचे तोंड खाली आणि पुढे सिलिका जेलची छोटी बाटली. अंदमानच्या दमट हवेत जेल किती दिवस टिकेल हे तिथेच कळणार.

२८ नोव्हेंबर

घड्याळे. आवाजाची दिशा काढायची म्हणजे तो कोणत्या सेन्सरवर किती आधी पोहोचला ते पाहायचे. तीन सेन्सर त्रिकोणात मांडायचे, चौथा मधोमध; त्रिकोणाची बाजू १२० मीटर धरली तर जास्तीत जास्त फरक ०.३५ सेकंद. वेळेत १० मिलिसेकंदांची चूक झाली तर दिशेत १.६ अंश, म्हणजे १०० किमीवर पावणेतीन किमी. मोबाइलच्या जाळ्यावरून घेतलेली वेळ कधी ५ तर कधी ५० मिलिसेकंद हुकते. साध्या स्फटिकाचे घड्याळ, २० पीपीएमचे (दशलक्षात २० इतके चुकणारे), तासाला ७२ मिलिसेकंद पळते. म्हणून प्रत्येक सेन्सरला स्वतःचा जीपीएस आणि सेकंदाचा ठोका थेट नियंत्रकाच्या पिनवर. नोंदी सगळ्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळ फक्त कागदावर.

सेन्सरच्या जागा टेपने मोजायच्या. १ मीटरची चूक ३ मिलिसेकंदांची, ती परवडते. जीपीएसने मोजलेली जागा झाडाखाली ५ मीटर हुकते, ती नाही परवडत.

चार नोंदकांतली माहिती मध्यावर आणायला आधी अ‍ॅनालॉग तारा ओढायचा विचार होता. १०० मीटरची तार म्हणजे विजेला आमंत्रण आणि ५० हर्ट्झच्या गुणगुणीला सुद्धा. आता प्रत्येक ठिकाणी अंकीकरण आणि मध्ये आरएस-४८५ पद्धतीने आकडे नेणारी पिळाच्या तारांची जोडी, दोन्ही टोकांना वीजसंरक्षक. एकूण माहिती दिवसाला १०४ एमबी. ती जागेवरच साठवायची. फोनच्या जाळ्यावरून फक्त निष्कर्ष पाठवायचे.

५ डिसेंबर, साताऱ्याच्या पश्चिमेचा सडा

वाऱ्यासाठी मुद्दाम वाईट जागा निवडली. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या टप्प्यात.

वारा हाच या कामातला खरा प्रतिस्पर्धी. हवा थांबवली की तिचा गतिदाब सेन्सरवर पडतो: १ मी/से ला ०.६ पास्कल, ३ ला साडेपाच, ५ ला १५. सगळा दाब चढउतारात येत नाही, पण त्याचा दहावा हिस्सा आला तरी १०० किमीवरचा स्फोट बुडतो.

प्रचलित उपाय म्हणजे दाब एका बिंदूवर न घेता पसरून घ्यायचा. आवाजाची लाट शेकडो मीटर लांब असते, ती सगळ्या छिद्रांवर एकदमच येते. वाऱ्याचे भोवरे लहान, ते प्रत्येक छिद्रावर वेगळे. सरासरीत एकमेकांना खातात. अणुचाचणी बंदी कराराच्या देखरेख जाळ्यातल्या स्थानकांवर यासाठी पाइपांची मोठमोठी चक्रे असतात. इथे ठिबकचे सामान वापरले. १६ मिमीची प्लेन लॅटरल (बिनछिद्राची नळी), ८ मीटरच्या चार भुजा, चौफुलीत सेन्सर, टोकांना एंड कॅप, दर ४० सेंमीवर पंचाने १ मिमी छिद्र, तोंड खाली. इनलाइन ड्रीपरची नळी घेऊ नये. ड्रीपरमधली वेडीवाकडी वाट हवेला फार अडवते, आणि दाब-नियंत्रित ड्रीपरमध्ये तर रबरी पडदाच असतो.

८० छिद्रांचा हिशेब वर्गमुळाने नऊपट फायदा सांगतो. मिळाला तिपटीच्या जवळपास. शेजारची छिद्रे एकाच भोवऱ्यात असतात, ती स्वतंत्र धरता येत नाहीत. ४ मी/से च्या वाऱ्यात अर्धा हर्ट्झचा भोवरा ८ मीटरचा, म्हणजे आख्खी भुजा त्याच्या पोटात. अर्ध्या हर्ट्झच्या खाली या नळ्या शोभेच्या.

आणखी एक खोड सापडली: वर्णपटात (वारंवारतांच्या आलेखात) १०.५ हर्ट्झला टेकडी. ८ मीटरची एका टोकाला बंद नळी पाव तरंगावर वाजते. एंड कॅपच्या आत घासणीचा बोळा दाबून भरला तेव्हा टेकडी बसली. बोळा ओला झाला की पुन्हा वाजणार, हे ध्यानात ठेवायचे.

७ डिसेंबर

तोच सेन्सर, त्याच नळ्या, फक्त शंभर मीटर उतारावर कारवीच्या जाळीत. गोंगाट सड्यावरच्या दहाव्या हिश्श्यावर आला. महिनाभर नळ्यांवर घातलेले कष्ट एका झुडपी उताराने झाकोळले. स्वराजद्वीपावर जागा शोधताना पहिला निकष घनदाट रान, बाकी सगळे नंतर. वर शेडनेटचा घुमटही लागेल, पण तो दुय्यम.

रानात दोन अडचणी. जीपीएसला आकाश कमी दिसते. यावर तोड अशी की स्थान एकदा नीट ठरवून मॉड्यूलला स्थिर ठिकाणाच्या अवस्थेत टाकायचे. मग वेळेसाठी एखादा उपग्रहही पुरतो. दुसरी अडचण उंदीर. लॅटरल त्यांना आवडते.

१४ डिसेंबर

चारही सेन्सर कारवीत लावले, तीन त्रिकोणाच्या टोकांना, एक मधोमध. रात्री सड्यावर वारा होता, जाळीत शांतता. पट्टीवर १.५, ३ आणि ४.५ हर्ट्झच्या स्वच्छ रेघा. समोरच्या पवनचक्कीचे फेरे मोजले: मिनिटाला ३०, तीन पाती, म्हणजे सेकंदाला दीड ठोका. अ‍ॅरेने काढलेली दिशा नकाशावर चक्क्यांच्या रांगेवरच पडली. अंशांकनासाठी यापेक्षा भरवशाचा आवाज शोधून सापडला नसता: जागा माहीत, वारंवारता माहीत, रात्रभर चालू.

१५ डिसेंबर

पहाटे चारनंतर पवनचक्क्या चालू लागल्या, म्हणजे जागेवरून सरकू लागल्या. तासाला बारा अंश. चूक तिसऱ्या सेन्सरच्या घड्याळाची. त्याचा जीपीएस रात्री सुटला आणि नोंदक स्फटिकावर चालत राहिला.

ही चूक कशी पकडायची यावर थोडे. तीन सेन्सरांमधल्या वेळांची बेरीज, एक ते दोन, दोन ते तीन, तीन ते एक, शून्य यायला हवी आणि ती आलीही. घड्याळाची चूक या परीक्षेत कधीच सापडत नाही, कारण ती एका जोडीत अधिक आणि दुसरीत तितकीच उणे होऊन जाते. सापडते ती चौथ्या सेन्सरमुळे. सपाट तरंगाची दिशा आणि वेग ही दोन अज्ञाते, चार सेन्सरांतून तीन स्वतंत्र अंतरे. उरलेले एक ताळा घ्यायला कामी येते. तिन्ही टोकांवरच भागवले असते तर हा प्रकार अंदमानात बॅरनचा आवाज म्हणून किंवा नाही म्हणून लिहिला गेला असता. आता जीपीएस सुटल्यावर दहा मिनिटांनी तो सेन्सर गणितातून आपोआप बाद.

२२ डिसेंबर

खाणीतल्या सुरुंगांवर चाचणी. खाण १२ किमीवर. आधी जमिनीतून धक्का आला, सुरुंग उडाल्यापासून ३५ सेकंदांनी हवेतून आवाज. दोन्हींत फरक करायला दिसता वेग पुरतो: हवेतला आवाज जमिनीलगत ३२० ते ३८० मी/से ने अ‍ॅरे ओलांडतो, जमिनीतला काही किमी/से ने. धक्क्याने सेन्सरचा पडदा हलतो आणि दाब असल्यासारखा भासतो. पेटीखाली फोमचा तुकडा ठेवल्यावर कमी झाला, गेला नाही. वेगाची चाळणीच खरी.

दोन सुरुंग मात्र पूर्ण हुकले. दोन्ही दुपारी दीडचे, उन्हात. जमीन तापलेली, हवा वर जाताना झपाट्याने गार. आवाज वर वाकला आणि डोक्यावरून गेला. संध्याकाळचे सुरुंग स्पष्ट. गोंगाट दोन्ही वेळा सारखाच होता, म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता. यावर पुढे सविस्तर.

३ जानेवारी

१०० किमी हे अंतर दिसते तितके सोयीचे नाही. गणित करून पाहिले.

समुद्रालगत २७ अंशांना आवाजाचा वेग ३४७ मी/से. वर जाताना दर किमीला ४ ने घटतो, म्हणून आवाज वर वाकतो. तो परत खाली यायचा तर वर कुठेतरी तापमान आणि वारा मिळून वेग पुन्हा ३४७ व्हायला हवा. १५-१६ किमीवर, उणे ७५ अंशांना, नुसता वेग २८२. पावसाळ्यात तिथे पूर्वेकडून जोराचा झोत असतो आणि बॅरनही आपल्या पूर्वेलाच आहे. पण झोताला ४० मी/से दिले तरी ३२२. नाही पोहोचत. ५० किमीवर वेग ३३० च्या आसपास. तिथे उन्हाळी महिन्यांत पूर्वेचे वारे असतात. १८-२० मी/से मिळाले की आवाज परततो. मात्र तो उतरतो दोनशे-अडीचशे किमीवर. मधला पट्टा मौनाचा. स्वराजद्वीप आणि पोर्ट ब्लेअर दोन्ही त्या पट्ट्यात.

उरतो तो खालचा मार्ग. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारा बॅरनकडून स्वराजद्वीपाकडे वाहतो. पहिल्या किलोमीटरभरात वारा उंचीबरोबर ५-६ मी/से ने वाढला तर तापमानाची घट भरून निघते आणि आवाज पाण्यालगत चिकटून येतो. नैऋत्य मोसमीत उलट: वारा समोरून, आवाज वर, वरून लाटा आणि पाऊस. तेव्हा हा अ‍ॅरे हिवाळ्याचा. जून ते सप्टेंबर चालू ठेवायचा तो गोंगाटाची नोंद म्हणून.

पातळीचा अंदाज: १ किमीवर १०० पास्कलचा स्फोट १०० किमीवर सरळ पसरून १ पास्कल, वाटेत वाकण्याने दहापट घटला तर ०.१. जवळून १० पास्कल देणारे छोटे स्फोट आपल्या आवाक्यातच नाहीत. कॅल्डेराची, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या मोठ्या तोंडाची, भिंत पश्चिमेकडे फुटलेली आहे, ते आपल्या बाजूचे. त्याचा नेमका फायदा किती, याला आकडा लावलेला नाही.

११ जानेवारी

प्रशांत महासागरातल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीवर सराव. १५ जानेवारी २०२२ रोजी, यूटीसी ०४:१५ च्या सुमारास झालेल्या उद्रेकाची दाबलाट अणुचाचणी बंदी कराराच्या जाळ्यातल्या चालू असलेल्या सर्व ५३ इन्फ्रासाउंड स्थानकांवर उमटली. पुण्यापासून अंतर १२,८०० किमी. लाटेचा वेग ३१५ मी/से धरला तर इथे पोहोच रात्री नऊच्या सुमारास, आणि पृथ्वीला उलट्या बाजूने वळसा घालून दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीची अशीच लाट मुंबईच्या वायुभारलेखावरही उमटली होती.

मुद्दा आपल्या सेन्सरचा. दीड हेक्टापास्कलची चढण दहा मिनिटांत झाली, तर सेकंदाला पाव पास्कल. २२ सेकंदांच्या गळतीतून उरतात साडेपाच पास्कल. साधा वायुभारमापक १५० दाखवील तिथे आपला महागडा डबा साडेपाच दाखवील आणि तेही वाऱ्याच्या झुळकीसारखे दिसतील. म्हणून प्रत्येक पेटीत बीएमपी ३९० ही वायुभार मोजणारी चिप जोडली. किंमत किरकोळ, काम वेगळे. बॅरनसाठी ती लागेल असे नाही; पण पेटी उघडलेलीच होती.

१९ जानेवारी

निर्णयाचा नियम. एटना ज्वालामुखीवर फ्लॉरेन्स विद्यापीठाची इन्फ्रासाउंड इशारा-यंत्रणा २०१० पासून स्वयंचलित आहे. प्रसिद्ध झालेल्या आठ वर्षांच्या हिशेबात ५९ पैकी ५७ उद्रेकांचा इशारा साधारण तासभर आधी गेला. तिथे जमते कारण लाव्हाचे कारंजे उडण्याआधी छोटे स्फोट वाढत जातात आणि अ‍ॅरे शिखराच्या जवळ आहे. आपल्याला ती वाढ दिसणार नाही. आपले काम इशाऱ्याचे नव्हे, घडून गेल्यावर दहा मिनिटांत नोंदवण्याचे. आवाजाला १०० किमी यायला २८८ सेकंद लागतातच.

२३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून बॅरनचा उद्रेक पाहिला गेला, तेव्हा ५ ते १० मिनिटांचे टप्पे नोंदले होते. दिवसा राख, अंधारात लाल कारंजी. म्हणून एकटा ठोका मोजायचा नाही, झुंबड मोजायची. पट्टा ०.७ ते ५ हर्ट्झ, खिडकी १० सेकंदांची, निम्मी एकमेकीवर. चारही सेन्सरांचे सरासरी साम्य ०.६ च्या वर, वेग ३२० ते ३८०, दिशा उत्तरेपासून ७२ अंश, म्हणजे बॅरनची, दोन्हीकडे ६ अंश सूट. आडवा वारा १५ मी/से असेल तर आवाज अडीच अंश सरकलेला दिसतो, म्हणून सूट एवढी. पाच मिनिटांत अशा पाच खिडक्या आल्या तर नोंद. नारकोंडम, निद्रिस्त ज्वालामुखीचे बेट, ४१-४२ अंशांवर आहे, गल्लत होणार नाही. विजेचा गडगडाट दिशा बदलत जातो. बोटीचे इंजिन एकाच सुरात बोलते आणि दिशा हळूहळू सरकते. किनाऱ्यावरच्या लाटांचा आवाज सगळीकडून, वक्र तरंगाने येतो. किनाऱ्यापासून किमान एक किमी आत राहायचे.

आता ७ डिसेंबर आणि २२ डिसेंबरच्या नोंदी एकत्र. पडद्यावर ‘आवाज आला’ आणि ‘आवाज नाही’ असे दोनच शब्द ठेवले तर दुसरा खोटा ठरेल. त्याजागी तीन: ‘आला’, ‘आला नाही’, ‘बहिरा’. ०.७ ते ५ हर्ट्झमधला गोंगाट तासाच्या सरासरीत ०.२ पास्कलच्या वर गेला की तो तास बहिरा. किंवा वाऱ्याच्या अंदाजातून पहिल्या दोन किमीत आवाज वर वाकतो असे दिसले, तरी बहिरा, मग सेन्सर कितीही शांत असो. दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे आणि ती लिहायला कोणी तयार नव्हते, कारण तिने निम्मा दिवस हातचा जातो.

२७ जानेवारी

वीज: एका जागेला १.५ वॅट. पाच दिवस ढग धरले तर १८० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे १२ व्होल्ट ३० अँपिअर-तास. बॅटऱ्या तिथेच घ्यायच्या.

पेट्यांच्या ग्लँडमधून, म्हणजे तार आत घ्यायच्या भोकातून, मुंग्या आत शिरल्या होत्या, एका सुईच्या तोंडाशी घरटे. तोंडावर बारीक स्टीलची जाळी. जाळीने खालची सीमा बदलली नाही, तपासले.

२ फेब्रुवारी

सामान बांधले. सुया २० जास्तीच्या, पॅकबंद, चेक-इनच्या बॅगेत आणि सोबत छापील पत्र. सुया, तारा आणि जीपीएस अँटेना एकत्र पाहून विमानतळावर प्रश्न येणारच. लॅटरल नेत नाही, नर्सरीवाल्यांकडे मिळते.

ताळ्यासाठी दोन स्रोत ठरले: डार्विनच्या ज्वालामुखी-राख सल्ला केंद्राची बॅरनवरची पत्रके आणि उपग्रहांच्या उष्ण-ठिपक्यांच्या नोंदी. त्यांच्या आणि आपल्या वेळा जुळतात का हे पाहताना २८८ सेकंद वजा करायला विसरू नये.

पहिले दोन आठवडे फक्त बहिरे तास मोजायचे, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. ७२ अंशांच्या दिशेची फाइल तोवर उघडायची नाही. ०.२ ची मर्यादा तिथल्या रानात बदलावी लागली तर ती त्या दिशेला काय आले ते पाहण्याआधी बदललेली असावी.